बॅकअप परत टाकला, 'यशस्वी' म्हणाला, आता मशीन उठेना! (विंडोज १०, जुनं डीटीपी मशीन)

अक्षरजुळणी

नमस्कार मंडळी. मिरजेत आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, वाढदिवसाचे फलक, पडेल ते काम. तुळशीचं लग्न झालंय, पत्रिकांचा रगाडा सुरू झालाय आणि नेमकं मुख्य मशीन आडवं पडलंय.

मशीन असं: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, एच८१ बोर्ड, ८ जीबी रॅम. विंडोज १०, पण मूळचं ७, त्यावरूनच अपग्रेड केलेलं. ५०० जीबीच्या हार्ड डिस्कवर विंडोज आणि १ टीबीच्या दुसऱ्या डिस्कवर सगळं काम. ५०० वाली टक-टक आवाज करायला लागली म्हणून वेळीच तिची इमेज (डिस्कवरच्या सगळ्याची हुबेहूब प्रत) काढून बाहेरच्या यूएसबी डिस्कवर ठेवली. ४८० जीबीची एसएसडी आणली, बॅकअप सॉफ्टवेअरच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं आणि इमेज एसएसडीवर टाकली. हिरवी खूण आली, 'यशस्वी' लिहून आलं. जुनी डिस्क काढून त्याच केबलला एसएसडी लावली.

आता चालू केलं की निळा पडदा. पीसीची दुरुस्ती करावी लागेल, आवश्यक डिव्हाइस जोडलेलं नाही, अशा अर्थाचं इंग्रजी. खाली फाइलचं नाव: विंडोज, मग सिस्टिम३२, मग विनलोड डॉट ईएक्सई. एरर कोड ०एक्ससी००००००ई. बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) एसएसडी दिसते. काय कळंना. कुणी सांगेल का?

नांगरट

एवढा विचार कशाला करता? पेनड्राइव्हवरून कोरं विंडोज टाका. अर्ध्या तासात मोकळे. तसंही १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, सरळ ११ वर जा.

अक्षरजुळणी

@नांगरट, कोरं टाकायचं असतं तर इमेज कशाला काढली असती राव? त्यात पेजमेकर ७ आहे, पानं जुळवायचं सॉफ्टवेअर, ते २००१ चं. त्याची मूळ सीडी आता वाचली जात नाही. लिपीचं सॉफ्टवेअर डोंगलवर (मशीनला लावायची चावी) चालतं आणि त्याच्या जुन्या आवृत्तीचा सेटअप कुठे मिळत नाही. दहा-पंधरा वर्षांच्या पत्रिका त्याच फॉन्टमध्ये आहेत. नव्या मशीनवर उघडलं की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. आणि ११ म्हणाल तर चौथी पिढी मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाही, आठवीपासून पुढचे चालतात.

खटपट्या

एसएसडी लावली म्हणजे बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय पाहिजे, ती नवी पद्धत. जुन्या मशीनवर आयडीई असतं, त्यावर एसएसडी चालत नाही. ते बदलून बघा. नाही जमलं तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बूटरेकच्या चारही कमांड ओळीने मारा: फिक्स-एमबीआर, फिक्स-बूट, स्कॅन-ओएस, रीबिल्ड-बीसीडी. हमखास.

अक्षरजुळणी

आयडीई होतं, एएचसीआय केलं. एरर तोच. मग चारही कमांड मारल्या. पहिली चालली. फिक्स-बूटला 'ॲक्सेस इज डिनाइड'. स्कॅनला सापडलेली विंडोज: शून्य. रीबिल्डलाही शून्य. म्हणजे एसएसडीवर विंडोज गेलंच नाही का? पण कमांड प्रॉम्प्टमधून बघितलं तर युजर्स, प्रोग्राम फाइल्स, विंडोज सगळे फोल्डर दिसतायत.

ठाणेकरीण

विंडोज व्यवस्थित गेलंय. आता कृपया थोडं थांबा, आणखी कमांड मारू नका. या चार कमांड दुखणं न बघता द्यायच्या गोळ्या झाल्यात. स्कॅनमध्ये शून्य आलं म्हणजे विंडोज नाही असं नसतं. जे विंडोज बूटच्या यादीत आधीच नोंदलेलं आहे ते स्कॅन मोजत नाही. आणि विंडोज १० च्या अलीकडच्या पेनड्राइव्हवर फिक्स-बूटला ॲक्सेस डिनाइड येणं नेहमीचंच आहे.

तुमच्या पहिल्या पोस्टमधली दोन कामाची माहिती अजून कुणी बघितलेली नाही.

पहिली, विनलोड डॉट ईएक्सई. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेली नवी) पद्धतीने चालू होणाऱ्या मशीनवर ही फाइल विनलोड डॉट ईएफआय असते. ईएक्सई दिसतेय म्हणजे तुमचं मशीन जुन्या लेगसी पद्धतीने उठतं, डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची जुनी पद्धत, नवी ती जीपीटी) असणार. यूट्यूबवर ईएफआय पार्टिशनबद्दल जे सांगतात त्यातलं काहीही तुम्हाला लागू नाही.

दुसरी, निळा पडदा येतोय हीच बातमी आहे. तो पडदा विंडोजचा बूट मॅनेजर दाखवतो. म्हणजे बूट मॅनेजर कुठूनतरी सापडला, चालू झाला, त्याने आपली यादी वाचली, आणि यादीत लिहिलेल्या जागी विंडोज मिळालं नाही. प्रश्न असा की हा बूट मॅनेजर बसलाय कुठल्या डिस्कवर?

दोन गोष्टी करा. मशीन बंद करून १ टीबीच्या डिस्कची केबल काढा, फक्त एसएसडी ठेवून चालू करा आणि पडद्यावर काय येतं ते सांगा. मग केबल परत लावा, विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्टमध्ये डिस्कपार्ट उघडा, 'लिस्ट डिस्क' आणि 'लिस्ट व्हॉल्यूम' करून जे दिसेल ते इथे लिहा.

बूटपॉलिश

ताई आल्या, आता धागा शंभरीच्या आत संपणार. 🙂

अक्षरजुळणी

ताई, १ टीबी काढल्यावर निळा पडदा येतच नाही! काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरात येतं, रीबूट करा आणि योग्य बूट डिव्हाइस निवडा. केबल लावली की परत निळा.

डिस्कपार्ट:
डिस्क ० – ४४७ जीबी, जीपीटीच्या रकान्यात काही नाही.
डिस्क १ – ९३१ जीबी, तिथेही काही नाही.

व्हॉल्यूम:
सी – सिस्टिम रिझर्व्ह्ड, १०० एमबी
डी – नाव नाही, ४४७ जीबी (विंडोज फोल्डर यात आहे)
ई – काम, ९३१ जीबी

सी ड्राइव्ह १०० एमबीचा कसा झाला? माझं विंडोज तर सीवर होतं.

ठाणेकरीण

अक्षरांनी घाबरू नका. पेनड्राइव्हवरून उघडलेल्या दुरुस्तीच्या विंडोजमध्ये ड्राइव्हची अक्षरं तात्पुरती, भेटेल त्या क्रमाने लागतात. तुमचं विंडोज उठलं की ते स्वतःला सीच म्हणेल. पण यामुळेच इंटरनेटवरची 'सी कोलन विंडोज' असलेली कमांड इथे जशीच्या तशी मारली की फसते.

आता उलगडलं. १ टीबी काढली की निळा पडदाही जातो, म्हणजे तो १०० एमबीचा सिस्टिम रिझर्व्ह्ड भाग तुमच्या १ टीबी डिस्कवर आहे. बूट मॅनेजर आणि त्याची यादी तिथे राहते. ज्याने विंडोज ७ टाकलं त्याने दोन्ही डिस्क जोडलेल्या असतानाच टाकलं आणि तेव्हा बायोसच्या क्रमात १ टीबी पहिली होती. सेटअप बूटच्या फाइल पहिल्या डिस्कवर ठेवतो आणि विंडोज तुम्ही सांगाल तिथे. इतकी वर्षं दोन्ही डिस्क कायम जोडलेल्या होत्या, म्हणून कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

तुम्ही इमेज काढली ५०० जीबीच्या डिस्कची. तिच्यावर बूटच्या फाइल नव्हत्याच, त्यामुळे इमेजमध्ये आल्या नाहीत, त्यामुळे एसएसडीवरही गेल्या नाहीत. सॉफ्टवेअरने 'यशस्वी' म्हटलं ते खरंच आहे, जेवढं दिलं तेवढं त्याने परत ठेवलं. आणि १ टीबीवरच्या यादीत विंडोजचा पत्ता म्हणून जुन्या डिस्कची सही लिहिलेली असते. प्रत्येक एमबीआर डिस्कला अशी एक चार बाइटची सही असते. एसएसडीची सही वेगळी. घर बदललं, पण टपालखात्याकडे पत्ता जुनाच राहिला. म्हणून 'आवश्यक डिव्हाइस जोडलेलं नाही'.

खटपट्या

मग सोपं आहे की. १ टीबीवरच्या यादीत नवा पत्ता घाला, झालं काम. बीसीडीबूट कमांडची एक ओळ.

ठाणेकरीण

@खटपट्या, होईल, मशीन उठेलही. पण मग एसएसडी नवी असूनही मशीनचं उठणं जुन्या १ टीबीच्या भरवशावर राहील. ती कधी बसली की हाच धागा परत वर येईल. आणि यापुढे सी ड्राइव्हची कितीही इमेज काढा, बूटच्या फाइल त्यात नसणारच. मला विचाराल तर एसएसडी स्वतःच्या पायावर उभी करावी. पाच मिनिटं जास्त लागतात.

@अक्षरजुळणी, करायचं असं. फोनवर वाचून दाखवल्यासारखं लिहितेय, टाइप अर्थातच इंग्रजीत.

१ टीबीची केबल काढून ठेवा. फक्त एसएसडी आणि विंडोज १० चा पेनड्राइव्ह. चालू करताना बूट मेन्यूमध्ये पेनड्राइव्ह दोनदा दिसेल, एकदा पुढे यूईएफआय लिहिलेला, एकदा नुसता. नुसता निवडा. मग रिपेअर, ट्रबलशूट, कमांड प्रॉम्प्ट.

डिस्कपार्ट. लिस्ट डिस्क. ४४७ जीबीच्या डिस्कचा नंबर बघून 'सिलेक्ट डिस्क' आणि तो नंबर (पेनड्राइव्ह आधी मोजला गेला तर ० नसेल, म्हणून आकार बघूनच). 'सिलेक्ट पार्टिशन १'. मग 'ॲक्टिव्ह'. लेगसी पद्धतीत बायोस डिस्कचा पहिला सेक्टर वाचतो आणि तिथला कोड ॲक्टिव्ह खूण असलेलं पार्टिशन शोधतो. तुमच्या एसएसडीवर ती खूणच नाही. 'लिस्ट व्हॉल्यूम' करून विंडोजला आता कुठलं अक्षर मिळालंय ते बघा, मग 'एक्झिट'.

समजा अक्षर सी आहे. 'डीआयआर सी कोलन' करून विंडोज फोल्डर दिसतोय याची खात्री करा. मग पेनड्राइव्हच्या बूट फोल्डरमध्ये बूटसेक्ट नावाची फाइल असते, ती अशी चालवा: बूटसेक्ट, स्पेस, स्लॅश एनटी६०, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एमबीआर. याने डिस्कच्या आणि पार्टिशनच्या अशा दोन्ही पहिल्या सेक्टरमध्ये योग्य कोड बसतो. जे काम तुमच्या फिक्स-बूटने नाकारलं होतं तेच.

शेवटी: बीसीडीबूट, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, सी कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, बायोस. बूटच्या फाइल विंडोजच्याच पार्टिशनवर ठेवल्या जातील. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) नसेल तर वेगळ्या १०० एमबीच्या भागाची गरज नाही. 'बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड' आलं पाहिजे.

आणि टक-टक करणारी जुनी डिस्क बाजूला कागदात गुंडाळून ठेवा. ती अजिबात लावू नका.

मिशिगनचा_मुक्काम

मध्येच शिरतोय, माफ करा. माझ्या लॅपटॉपवर जवळपास हेच. विंडोज ११. पेनड्राइव्हवरून बूट करून, विंडोजच्या बाहेरूनच अख्ख्या डिस्कची इमेज घेतली, मोठ्या एनव्हीएमई एसएसडीवर टाकली. आता चालू केलं की ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. मी बिटलॉकर कधी चालूच केलं नव्हतं! ताईंनी दिलेल्या कमांड चालतील का?

पेंग्विनप्रेमी

@मिशिगनचा_मुक्काम, नाही, त्या कमांड तुमच्याकडे चालवू नका, तुमचा लॅपटॉप यूईएफआयवाला आहे. तिथे 'ॲक्टिव्ह' वगैरे प्रकार नसतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं की बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. की त्याच खात्यात जमा होते. फोनवरून मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शिरा, डिव्हाइसेसमध्ये तुमचा लॅपटॉप उघडा, रिकव्हरी की तिथे मिळेल. पडद्यावर कीचा आयडी दिसतो त्याची पहिली आठ अक्षरं जुळवून घ्या, खात्यात जुन्या लॅपटॉपच्याही की असू शकतात.

बाहेरून घेतलेली इमेज म्हणजे कुलूपबंद डेटाच जसाच्या तसा उचललेला. चालू विंडोजमधून घेतली असती तर कुलूप उघडलेला डेटा आला असता. की टाकून आत गेलात की बिटलॉकर एकदा सस्पेंड करून परत चालू करा, म्हणजे टीपीएम (कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) दरवेळी विचारणार नाही.

बाकी हे सगळे विंडोजचे नखरे. लिनक्सवर एफएसटॅब फाइलमधला डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बदलला की संपलं.

बूटपॉलिश

हो, आणि मग ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट मॅनेजर, परत बसवायचा, मग इनिट-रॅम-एफएस परत बनवायचं, मग संपलं. 😄

पेंग्विनप्रेमी

ते धरूनच म्हणालो.

अक्षरजुळणी

ताई, अर्धी लढाई जिंकली! 'सक्सेसफुली' आलं. १ टीबी बाहेरच, पेनड्राइव्ह काढून चालू केलं. विंडोजचा लोगो आला, खाली ठिपके फिरले, मला वाटलं झालं. आणि मग वेगळा निळा पडदा, दुःखी चेहऱ्याचा. इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस. परत परत तेच. आता काय?

ठाणेकरीण

खटपट्यांच्या सांगण्यावरून बायोसमध्ये आयडीईचं एएचसीआय केलंत ना, त्याचं हे. एसएसडी आयडीई मोडवरही चालते, थोडी हळू इतकंच.

लोगोपर्यंत पोचतंय कारण बूट मॅनेजर आणि विनलोड डिस्क वाचायला बायोसची मदत घेतात. त्यांना मोडशी देणंघेणं नसतं. कर्नलने ताबा घेतला की बायोस बाजूला होतो आणि विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर लागतो. तुमचं विंडोज आयडीईवर बसवलेलं, त्यामुळे एएचसीआयचा ड्रायव्हर आत असूनही सुरुवातीलाच चालू व्हायच्या यादीत नाही. डिस्क समोर असून त्याला ती दिसत नाही.

बायोसमध्ये परत आयडीई करा. विंडोज उठेल. उठल्यावर घाई न करता एकदा पेजमेकर, डोंगल, फॉन्ट सगळं तपासा.

एएचसीआय हवंच असेल, आणि एसएसडीसाठी ते घ्यावं, तर विंडोज चालू असताना एमएसकॉन्फिग उघडा, बूटच्या टॅबमध्ये सेफ बूट, मिनिमल. रीस्टार्ट करतानाच बायोसमध्ये शिरून एएचसीआय करा. सेफ मोडमध्ये विंडोज ठेवणीतले ड्रायव्हरही उघडून बघतं आणि योग्य तो पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवतं. तिथे उठलं की एमएसकॉन्फिगमधली खूण काढून परत रीस्टार्ट. एक सावधगिरी, सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा.

खटपट्या

माझ्या माहितीत एसएसडीला एएचसीआय लागतंच. ट्रिम कमांड (कुठली जागा रिकामी झाली ते एसएसडीला कळवणारी) आयडीईमध्ये धड जात नाही असं वाचलंय.

ठाणेकरीण

एएचसीआय चांगलंच आहे, नको कुणी म्हणत नाही. वाद क्रमाचा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलली तर कशाने काय झालं ते कळतं.

अक्षरजुळणी

उठलं!! आयडीई केलं आणि पहिल्याच फटक्यात डेस्कटॉप. मग सेफ बूटची युक्ती करून एएचसीआयपण झालं. पासवर्ड आठवत नव्हता, बायकोने दुकानाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. पेजमेकर उघडलं, डोंगल ओळखलं. पूर्वी उघडायला चहा पिऊन व्हायचा, आता बसतोय न बसतोय तोच उघडतंय.

मग १ टीबी जोडली. बायोसच्या बूट क्रमात एसएसडी पहिली केली. चालू झालं. पण कामाची डिस्क जी पूर्वी डी होती ती आता एफ झालीय. पेजमेकरच्या फाइल उघडल्या की प्रत्येक चित्राला विचारतो, लिंक कुठे आहे? गणपती, कलश, कुलदैवत, सगळेच हरवलेत. एका पत्रिकेत आठ चित्रं. हाताने जोडत बसायचं का?

ठाणेकरीण

अजिबात नाही. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. डीवर सध्या कोण बसलंय ते बघा, बहुतेक डीव्हीडी ड्राइव्ह असेल. त्याला आधी लांबचं अक्षर द्या, झेड म्हणा. मग कामाच्या पार्टिशनला 'चेंज ड्राइव्ह लेटर'मधून डी द्या. पेजमेकरने लिंकमध्ये अख्खा पत्ता लिहिलेला असतो, अक्षर जुळलं की सगळे गणपती जागेवर येतात. हे होईपर्यंत एकही फाइल सेव्ह करू नका.

१ टीबीवरचा सिस्टिम रिझर्व्ह्ड भाग तसाच राहू द्या. १०० एमबी मोकळे करण्यासाठी त्या डिस्कच्या पार्टिशनला हात लावण्यात काही अर्थ नाही. तिथेही अक्षर लागलं असेल तर तेवढं काढून टाका, म्हणजे चुकून कुणी उघडणार नाही.

मिशिगनचा_मुक्काम

की मिळाली. खात्यात तीन होत्या, आयडी जुळवल्यावर बरोबर सापडली. सस्पेंड करून परत चालू केलं, आता विचारत नाही. @पेंग्विनप्रेमी, आभार. आईवडिलांच्या पुण्यातल्या लॅपटॉपचीही की आत्ताच उतरवून घेतली.

अक्षरजुळणी

डी दिला, सगळी चित्रं आली. शनिवारची पत्रिका ट्रेसिंगवर काढून प्लेटला पाठवलीसुद्धा. ताई, मिरजेला आलात तर बासुंदी आमच्याकडून. एक शेवटचं विचारतो, आता नवी इमेज घेताना नक्की काय निवडायचं? सॉफ्टवेअर 'फक्त सी' आणि 'पूर्ण डिस्क' असं दोन्ही दाखवतंय.

ठाणेकरीण

पूर्ण डिस्क, पार्टिशन कितीही लहान दिसलं तरी त्याच्यासकट. घेण्याआधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा, 'सिस्टिम', 'बूट' आणि 'ॲक्टिव्ह' हे तिन्ही शब्द एसएसडीच्या ओळीत कंसात असले पाहिजेत. १ टीबीच्या ओळीत 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' हे नाव आणि 'ॲक्टिव्ह' दिसलं तर चालेल, पण कंसात 'सिस्टिम' दिसला तर इमेज घेऊ नका, आधी इथे येऊन सांगा. आणि कामाची १ टीबी वेगळी, तिच्या फाइलची साधी कॉपी बाहेरच्या डिस्कवर, तिला इमेजची गरज नाही. बासुंदी चालेल.